जुनें ग्राफिक्स कार्ड घेतांना

वरील मथळा वाचून आमच्या कित्येक वाचकांस, विशेषतः आमच्या वयाच्या गृहस्थांस, हा विषय या मासिकांत कशासाठीं, असें वाटल्यावांचून राहणार नाहीं. ज्यानें उभा जन्म शब्दरूपें आणि समास पढविण्यांत घालविला, त्यानें मुलांच्या खेळाच्या यंत्राविषयीं लिहावें, हें आम्हांसही वर्षापूर्वीं विचित्रच वाटलें असतें. परंतु ज्या घरांत दहा-बारा माणसें एका छपराखालीं राहतात, आणि त्यांतील एक-दोन मुलें अकरावी-बारावींत असतात, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां माजघरांत येऊन बसतोच. "आजोबा, नवें कार्ड परवडत नाहीं, जुनें घेऊं का?" असें नातवानें विचारलें म्हणजे "खेळ पुरे, अभ्यास कर" एवढ्या उत्तरानें भागत नाहीं. पैसे घरचेच जावयाचे असतात, आणि फसगत झाली तर ती सर्वांच्याच जिव्हारीं लागते. आमची तशी झाली. ती कशी झाली, आणि तींतून आम्ही काय शिकलों, हें सांगण्याकरितां हा लेख आहे.

प्रथम ही वस्तु काय तें थोडक्यांत सांगूं. संगणकाचा मुख्य मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो अवघड हिशेब चातुर्यानें आणि क्रमानें करतो. पडद्यावरील चित्र मात्र ठिपक्यांचें असतें. नेहमींच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर असे वीस लाखांहून अधिक ठिपके मावतात, आणि खेळ सुरळीत दिसावयाचा तर ते सर्व सेकंदास साठ वेळां नव्यानें रंगवावे लागतात. हें काम एका पंडिताचें नव्हे; तें शेंकडों साध्या कारकुनांनीं एकाच वेळीं बसून उरकण्याचें आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा कारकुनांची एक स्वतंत्र कचेरी होय. तिला स्वतःची मेमरी असते, स्वतःचे पंखे असतात, आणि पुष्कळदां विजेची स्वतंत्र तारही असते.

यावरून पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, ही कचेरी आपल्या घरीं हवीच आहे का. बहुतेक प्रोसेसरांत चित्र काढण्याची थोडीबहुत शक्ति मुळांतच असते. लेखन, हिशेब, चित्रपट पाहणें, इतकेंच काय, पण व्हॅलोरंटसारखा हलका स्पर्धेचा खेळ कमी थाटामाटानें खेळणें, एवढें तिच्यावर भागतें. २०२१ सालीं निघालेल्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरांत तर ही अंगची शक्ति बरीच अधिक आहे. ज्यांच्या घरीं असा प्रोसेसर आहे त्यांनीं मुलास आधीं आहे त्या यंत्रावर खेळून पाहूं द्यावें. मोठे, चित्रमय खेळ खेळावयाचे असतील तरच कार्डाची गोष्ट काढावी.

आमची फसगत

आमच्या घरचा संगणक मूळचा धाकट्या चिरंजीवांच्या कचेरींतला. कचेरीनें नवीं यंत्रें घेतलीं तेव्हां त्यांनीं तो अल्प किंमतींत घरीं आणला. आंत इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम. ग्राफिक्स कार्ड नाहीं. थोरल्या चिरंजीवांचा मुलगा अकरावीस आहे. त्यानें वर्षभर त्यावर निभावून नेलें, आणि दिवाळीच्या सुटींत आम्हांपाशीं येऊन म्हणाला कीं, मुंजीच्या भिक्षावळीचे माझे पैसे तुमच्यापाशीं आहेत, त्यांतून एक जुनें कार्ड घेऊं द्या. मागणी सरळ होती. पैसे त्याचे होते, आम्ही केवळ विश्वस्त होतों. सूनबाईंनीं अभ्यासाची अट घातली, ती त्यानें मान्य केली, आणि आम्हीं होकार दिला.

विकणारा गृहस्थ ओळखीच्यांच्या ओळखीचा निघाला. परगांवाहून तो येथील मध्यवर्ती बसस्थानकावर आला. समोरच्या उपाहारगृहांत आम्ही तिघे बसलों. त्यानें आमच्या पायांस हात लावला, शिक्षकांविषयीं चार आदराचे शब्द काढले, आणि खोक्यांतून कार्ड काढून पुढें ठेवलें. खोक्यावर, कार्डावर, दोन्हीकडे नांव छापलें होतें : जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. किंमत सहा हजार. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, घर जवळ आहे. एकदां आपल्या यंत्रांत लावून बघूं, मग पैसे देऊं." त्यावर आम्हीं त्यास दटावलें. सभ्य मनुष्य इतक्या दुरून आला आहे, त्याच्या तोंडावर अशी शंका काढणें बरें दिसत नाहीं, असें आम्ही म्हणालों. शिवाय कार्डाच्या मागील बाजूस जुन्या पडद्याची निळी, पंधरा टाचण्यांची तार बसेल असें एक भोक होतें. आमचा पडदाही जुनाच. तेव्हां नवी तार घ्यावी लागणार नाहीं, म्हणून आम्हांस वर समाधानही वाटलें.

घरीं कार्ड लागलें, पडदा उजळला, विंडोजनें नांवही बरोबर सांगितलें. परंतु खेळ सुरू करतांच चित्र अडखळूं लागलें आणि थोड्याच वेळांत सर्वच बंद पडलें. नातवानें जीपीयू-झेड नांवाचें एक फुकट मिळणारें साधन चालवून पाहिलें. हें साधन कार्डाच्या छापील नांवावर विसंबत नाहीं. आंतील चिपेलाच तिचें कुलशील विचारतें. नकली कार्ड ओळखून तसा शिक्का दाखविण्याची सोय त्यांत २०१८ पासून आहे. आमच्या कार्डावर तो शिक्का उमटला. आंतील चिप होती जीटीएस ४५० या २०१० सालच्या कार्डाची. तिच्या मूळ सूचनासंचांत फेरफार करून तिला २०१६ सालच्या कार्डाचें नांव चिकटविलें होतें. अशीं तोतयीं कार्डें बाजारांत पुष्कळ फिरतात, हें आम्हांस मागाहून कळलें. विकणाऱ्याचा फोन त्या दिवशीं लागला नाहीं; पुढेंही कधीं लागला नाहीं.

मुलगा आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें. रात्रीं जेवणाच्या पंगतींत आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, तपासून घेऊं असें याचें म्हणणें होतें, नको म्हणणारे आम्ही. सबब हे सहा हजार आमच्या निवृत्तिवेतनांतून याच्या भिक्षावळींत परत जमा होतील. मात्र दुसरें कार्ड घ्यावयाचें तें दोघांनीं मिळून, शिकून घ्यावयाचें. पुढील दोन महिने आमचा हा पाठ चालला. शिकविणारा तो, आणि विद्यार्थी आम्ही.

शिकतां शिकतां एक गोष्ट ध्यानांत आली. न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं साधनें चार सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांत प्रत्यक्ष पहिलें व शब्द शेवटचा. आम्हीं तर्कसंग्रह कित्येकांस पढविला, परंतु बसस्थानकावर बसून क्रम मात्र उलटा केला. शब्दावर पैसे दिले आणि प्रत्यक्ष घरीं जाऊन पाहिलें. बाजारांत वस्तूची भेट बहुधा याच उलट्या क्रमानें होते, म्हणून आम्हीही त्याच क्रमानें सांगतों. पैसे मात्र चौथी पायरी ओलांडल्यावरच द्यावयाचे आहेत.

शब्द

शब्द हें प्रमाण खरें, पण तें आप्ताचें असेल तर. वस्तूची खरी माहिती असणारा आणि ती असेल तशी सांगणारा तो आप्त. विकणाऱ्यास वस्तु विकावयाची असते; तेव्हां तो कितीही भला असला तरी त्या व्यवहारापुरता आप्त नव्हे. खोक्यावरील छाप, कार्डावरील कागद, विंडोजनें दाखविलेलें नांव, "फारसें वापरलेलें नाहीं" हें आश्वासन, हीं सर्व शब्दांतच जमा धरावीं. येथील गुजरींतला सराफ आपण नेलेल्या सोन्यास कस लावून पाहतो. त्यांत कोणी आपला अपमान झाला असें मानीत नाहीं. मग आपणच तपासणीचें नांव काढावयास कां लाजावें?

नांव खरें असलें तरी तेवढ्यावर भागत नाहीं, कारण एकाच नांवाचीं दोन-दोन कार्डें असतात. जीटीएक्स १०६० हें ६ जीबीचें व ३ जीबीचें अशा दोन रूपांत निघालें. दोहोंत केवळ मेमरीचा भेद नाहीं, मोठ्यांत गणकघटक १२८० आहेत तर धाकट्यांत ११५२. आरएक्स ५८० या कार्डांत मुळांत २३०४ घटक असतात. परंतु २०४८ घटकांचें एक रूपही त्याच नांवानें निघालें, आणि तें वस्तुतः खालच्या पायरीच्या आरएक्स ५७० इतकेंच आहे. जीटी १०३० ची गोष्ट याहून वाईट. त्याच्या एका रूपांत जलद मेमरी, दुसऱ्यांत संथ. आणि संथ रूपाची मेमरीची गति जलद रूपाच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून विकणाऱ्यास नांव विचारूं नये. जीपीयू-झेडचें पान उघडून त्याचें चित्र पाठवा, असें सांगावें. टाळाटाळ झाली तर तेथेंच नमस्कार करावा.

अनुमान

जेथें धूर तेथें अग्नि, हें सर्वांस ठाऊक आहे. कार्डावरही धूर दिसतो, फक्त तो ओळखतां आला पाहिजे. आम्हांस ज्या निळ्या भोकाचें समाधान वाटलें, तोच खरा धूर होता. जीटीएक्स १०५० टीआय ज्या पिढीचें कार्ड आहे, त्या पास्कल पिढीच्या चिपांतून जुन्या पद्धतीच्या पडद्याचा संकेत निघतच नाहीं. तेव्हां १०५० टीआय किंवा १०६० असें नांव आणि मागें निळें भोक, असा योग दिसला कीं तें कार्ड तोतया समजून चालावें. सोय म्हणून जें आवडलें, तेंच फसवणुकीचें चिन्ह ठरलें.

दुसरीं चिन्हें अशीं. मळसूत्रांचीं डोकीं झिजलेलीं असलीं तर कार्ड उघडलें गेलें आहे. तें स्वच्छतेसाठीं उघडलें असेल तर दोष नाहीं, परंतु कशासाठीं तें विचारावें. चिपेभोवतीं चिकट पिवळट डाग किंवा जळका वास असेल तर डाग देऊन अथवा भट्टींत तापवून मेलेलें कार्ड उठविलें असण्याचा संभव असतो. असें कार्ड कांहीं आठवडे चालतें आणि पुन्हां मरतें. मागील पत्र्यावर आणि सांध्यांवर गंज असेल तर तें ओलींत राहिलें आहे. आमच्या भागांत हें विशेष पाहावें. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें होतें, तें कोणी विसरलेलें नाहीं. आणि पूर नसला तरी येथील चार महिन्यांची दमट हवा बंद कपाटांतील वस्तूस सोडीत नाहीं.

एकाच मनुष्यापाशीं एकाच जातीचीं पांच-दहा कार्डें असलीं तर तीं बहुधा खाणकामांतून आलेलीं असतात. आभासी चलन मिळविण्यासाठीं असंख्य कार्डें रात्रंदिवस हिशेबांस जुंपण्याचा एक उद्योग चालत असे. त्यालाच मायनिंग म्हणतात. त्या उद्योगामुळें २०२१ सालीं कार्डांचा जगभर दुष्काळ पडला होता. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियम या चलनानें आपली पद्धति बदलली, कार्डांचें तें काम एका दिवसांत संपलें, आणि तीं सर्व जुन्या बाजारांत ओतलीं गेलीं. अशा कार्डाचा सरसकट विटाळ मानण्याचें कारण नाहीं. कित्येक चालकांनीं तीं कमी विजेवर, एकसारख्या उष्णतेंत चालविलीं होतीं. परंतु पंखे आणि मेमरी यांची झीज झालेली असते, आणि कधीं कधीं सूचनासंचही बदललेला असतो. किंमत त्या मानानें कमी असेल आणि प्रत्यक्ष परीक्षेंत टिकेल, तरच घ्यावें.

उपमान

उपमानाचें पोथींतील उदाहरण गवयाचें आहे : गाईसारखा दिसतो तो गवय, असें ऐकलेला मनुष्य अरण्यांत गेला कीं त्यास ओळखतो. गवा तर आमच्या दाजीपूरच्या रानांतलाच. परंतु गाईसारखा दिसतो म्हणून कोणी त्यास गोठ्यांत बांधीत नाहीं. कार्डाचेंही तेंच आहे. तुलना दुहेरी करावी. एक कार्डाची कार्डाशीं, आणि दुसरी कार्डाची आपल्या गोठ्याशीं.

गोठा म्हणजे आपलें यंत्र. त्यांत प्रथम वीज पाहावी. ज्या खांचेंत कार्ड बसतें ती खांच ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्याहून अधिक लागली तर वीजपुरवठ्याच्या पेटींतून स्वतंत्र तार आणावी लागते. सहा टाचण्यांची तार आणखी ७५ वॅट देते, आठ टाचण्यांची १५० वॅट. कचेरीच्या यंत्रांत पुष्कळदां अशी तारच नसते, आणि पेटीही लहान असते. मग लांबी-रुंदी मोजावी. बारीक अंगाच्या पेटींत अर्ध्या उंचीचेंच कार्ड मावतें. शेवटीं प्रोसेसर पाहावा. जोडींतला एक बैल दांडगा आणि दुसरा मरतुकडा असला म्हणजे गाडी मरतुकड्याच्याच चालीनें चालते. जुन्या प्रोसेसरास महागडें कार्ड जोडणें हा तसाच प्रकार आहे.

आतां कार्डांची आपसांत तुलना. जेथें स्वतंत्र तार नाहीं तेथें दोनच नांवें मुख्यतः पुढें येतात : २०१६ सालचें जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ सालचें जीटीएक्स १६५०. दोन्ही ४ जीबीचीं, दोन्ही ७५ वॅटचीं. दोहोंच्या किंमतींत थोडें अंतर असलें तरी आम्ही दुसरेंच घ्यावें असें म्हणूं. तें जलद आहे हें एक कारण. आणि दुसरें असें कीं, नव्या खेळांसाठीं एनव्हिडिया कंपनी जीं सुधारणापत्रकें काढते, तीं पास्कल पिढीस ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झालीं. आतां फक्त सुरक्षिततेपुरतीं मिळतील. १६५० पुढच्या पिढीचें असल्यामुळें त्यास हा नियम लागू नाहीं. मात्र १६५० ची कांहीं रूपें सहा टाचण्यांची तार मागतात, तेवढें पाहून घ्यावें.

ज्यांच्या यंत्रांत चांगल्या कंपनीची साडेचारशें वॅटची पेटी आणि स्वतंत्र तार आहे, त्यांनीं २०१९ सालचें जीटीएक्स १६६० सुपर अथवा २०२१ सालचें आरएक्स ६६०० पाहावें. पहिलें ६ जीबीचें, १२५ वॅटचें. दुसरें ८ जीबीचें, १३२ वॅटचें. नव्या मोठ्या खेळांस ४ जीबी आतां अपुरी पडूं लागली आहे, म्हणून परवडत असेल तर ८ जीबीकडे कल असावा. आरएक्स ५८० स्वस्त मिळतें, परंतु तें १८५ वॅट ओढतें, आणि २०२३ च्या अखेरीपासून एएमडी कंपनीनेंही त्या पिढीस सुधारणांच्या मुख्य प्रवाहांतून बाजूस काढलें आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हें २०२२ सालचें म्हणून नवेंकोरें वाटतें. पण तें बोर्डाशीं चारच मार्गांनीं बोलतें, आणि आमच्या यंत्रासारख्या थोड्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग त्यामुळें घटतो. नवें सालच पाहून भुलूं नये.

विजेचा हिशेब सूनबाईंनीं विचारला, तो असा. ७५ वॅटऐवजीं १५० वॅटचें कार्ड घेतलें आणि मुलगा रोज दोन तास खेळला, तर महिन्यास साडेचार युनिटांचा फरक पडतो. भिण्याजोगा नाहीं, पण ठाऊक असावा.

प्रत्यक्ष

वडगांवच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी मालकाचें वर्णन ऐकून घेतो, पण दांत पाहतो, खूर पाहतो, आणि चालवून पाहिल्यावांचून कासऱ्यास हात घालीत नाहीं. कार्ड घेतांना तेंच करावें. शक्य तर विकणाऱ्याच्या घरीं, त्याच्या चालू यंत्रांत तें पाहावें; नाहीं तर त्यास आपल्या घरीं चहास बोलवावें. बसस्थानक, उपाहारगृह, रस्ता या जागा नव्हेत.

आधीं यंत्र बंद असतां पंखे बोटानें हळूच फिरवावेत; ते डुगडुगूं नयेत, अडूं नयेत. सोनेरी दांते स्वच्छ आणि अखंड असावेत. मग यंत्र सुरू करून जीपीयू-झेड उघडावें. चिपेचें नांव, गणकघटकांची संख्या, मेमरीची जात आणि माप हीं आपण घरून कागदावर लिहून नेलेल्या आंकड्यांशीं जुळवावीं; १६५० असेल तर घटक ८९६ दिसले पाहिजेत. त्यानंतर फरमार्क नांवाचें कसोटीचें साधन पंधरा मिनिटें, किंवा एखादा जड खेळ अर्धा तास, चालवावा. या वेळांत तीन गोष्टींवर डोळा ठेवावा. उष्णता ८० ते ८५ अंशांच्या आंत स्थिर व्हावी, चढतच जाऊं नये. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा किंवा चौकटी उमटूं नयेत. त्या एकदां जरी दिसल्या तरी तें मेमरीचें किंवा चिपेचें दुखणें समजून उठावें. आणि पंखा पूर्ण वेगांत असतां घरघर करीत आहे का तें ऐकावें. पंखा बदलतां येतो, म्हणून तो दोष किंमतींत वळता करतां येतो. चिपेचा दोष मात्र कोणत्याही किंमतींत घेऊं नये. शेवटीं कार्डाच्या प्रत्येक मुखास तार लावून पडदा येतो का पाहावा, आणि तापलेलें यंत्र एकदां बंद करून पुन्हां सुरू करावें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा पुण्याच्या तपकीर गल्लींत दुकानांतून घेणारांनींही हाच क्रम ठेवावा, आणि शिवाय परतीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी.

पैशांविषयीं दोन शब्द. मूळ पावती मागावी, आणि तिच्यावरील अनुक्रमांक कार्डावरील अनुक्रमांकाशीं ताडून पाहावा. हमी शिल्लक असेल तर ती याच जुळणीवर मिळते. सर्वांत स्वस्त नवें कार्ड, पूर्ण हमीसह, केवढ्यास पडतें तें आधीं विचारून ठेवावें. जुन्याची किंमत त्याच्या साठ टक्क्यांवर जाऊं लागली तर थोडें थांबून नवेंच घ्यावें, असें आमचें मत आहे. न पाहिलेल्या वस्तूसाठीं आगाऊ रक्कम पाठवूं नये. आणि घरांतील सर्वांनीं, विशेषतः वडीलधाऱ्यांनीं, हें पक्कें लक्षांत ठेवावें कीं फोनवरून पैसे घेण्यासाठीं यूपीआयचा गुप्त आंकडा कधींच द्यावा लागत नाहीं. तो फक्त पैसे देतांना लागतो. आपलें जुनें कार्ड विकतांना कोणी "हा चौकोन टिपा, पैसे येतील" असें सांगूं लागला तर तो चोर समजावा. फसगत झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. आम्हीं लाजेनें तें चार दिवस केलें नाहीं, तीही आमची चूकच.

दुसरी खेप

माघांत सांगलीच्या एका विद्यार्थ्याकडे जीटीएक्स १६५० असल्याचें कळलें. आम्ही दोघे एस. टी.नें गेलों. आमच्या खिशांत आंकड्यांचा कागद होता, आणि घरून निघाल्यापासून मनांत संकोचही होता. परंतु आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच तो मुलगा म्हणाला, "आजोबा, बसा, आधीं चालवून बघा, मग बोलूं." त्याच्या आईनें पोहे दिले, आणि आमच्या नातवानें अर्धा तास कार्ड तापविलें. आंकडे जुळले, उष्णता सत्तरीच्या आंत राहिली, चित्र स्वच्छ राहिलें. एक पंखा किंचित् घरघरत होता, तो दोष त्यानें आपण होऊन दाखविला. साडेसहा हजारांचे सहा हजार दोनशें झाले. मूळ पावती त्यानें सोबत दिली. हमी संपलेली आहे हेंही स्पष्ट सांगितलें. परततांना आमच्या मनांत आलें कीं, तपासणीचा राग यावा तो बसस्थानकावरच्या माणसास. या मुलास तो येण्याचें कारणच नव्हतें. तपासून घेऊं असें म्हणण्यांत खऱ्या मनुष्याचा अपमान होत नाहीं, एवढी साधी गोष्ट शिकावयास आम्हांस सहा हजार रुपये पडले.

कार्ड बसवून चार महिने झाले, तें नीट चालतें आहे. पहिल्या रात्रीं नातवानें सर्वांस बोलावून राजी नांवाचा खेळ लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेनें तो २०२० सालीं प्रसिद्ध केला आहे. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावास शोधावयास निघालेली एक मुलगी, तिच्या हातीं दुर्गेनें दिलेला त्रिशूल, असें त्याचें कथानक. आमच्या घरांतील मंडळी, ज्यांनीं या खर्चास प्रथमपासून नाक मुरडलें होतें, त्याही खुर्ची ओढून बसल्या, आणि "अरे, तिच्या मागून येतो आहे बघ तो!" असें नातवास सांगूं लागल्या.

तोतया कार्ड आम्हीं टाकलें नाहीं. तें आमच्या मेजावर, अमरकोशाशेजारीं असतें. पेठेंतील मुलें अलीकडे जुनें कार्ड घेण्यापूर्वीं नातवाचा सल्ला विचारावयास येतात. तेव्हां तो आधीं तें त्यांच्या हातांत देतो आणि मागचें निळें भोक दाखवितो.